पोटात पाणी असलेला दगड

बिरू गेल्याची बातमी मला सौद्याच्या मधोमध मिळाली. घाटनांदूरच्या माझ्या दुकानात त्याच्या वस्तीकडचा एक शेतकरी पाईप घ्यायला आला होता. मी भाव सांगितला, त्यानं तोंड वाकडं केलं, मी थोडा खाली उतरलो, आणि पाईपावरून हात फिरवत तो म्हणाला, “द्या आता नीट लावून, आप्पा. लवकर निघायचंय. बिरू मेंढक्याच्या मातीला जायचंय.” मी म्हणालो, “याच्या खाली जमत न्हाई. दुसरीकडं इचारून ये जा.” नाव कानात शिरलं होतं, कळलंही होतं, आणि माझं तोंड मात्र सौदा करत राहिलं. आणखी एक-दोन वाक्यं बोललो असेन. मग त्या माणसानंच माझ्याकडं पाहिलं आणि पाईप खाली ठेवला. “तुमाला ठाऊक न्हवतं का? सकाळी गेला. रानात, मेंढरामागं, बसल्या जागी… तुमचा तर लई जिगरी व्हता म्हनत्यात.”

होता. त्याला आता सव्वा महिना होतोय. त्याआधीची तीन वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. तो दोष बिरूचा, असं मी भेटेल त्याला सांगत आलो. हा लेख लिहायला बसलो तेव्हा पहिलं पानही त्याच रागात लिहिलं होतं, ते फाडून टाकलं. राग गेला म्हणून नव्हे. राग आहेच, फक्त तो आता कुणावर धरायचा ते कळत नाही.

आमची ओळख जनावरांच्या बाजारातली. वडील लवकर गेले, म्हणून मी अगदी लहान वयात तिथं दावी आणि कासरे विकायला बसलो. दोर विकता विकता दलाली शिकलो आणि दलालीवर आजचं हे मोटार-पंपाचं दुकान उभं केलं. मला माणसांनी काही शिकवलं नाही, बाजारानं शिकवलं. त्यातली पहिली शिकवण अशी की जे जनावर मनात भरलं त्याला नावं ठेवायची. बैल आवडला तर त्याच्या खुराला, शिंगाला, चालीला खोड काढायची. विकणाऱ्याला कळतं की याला बैल हवाय, घेणाऱ्याला कळतं की त्याला कळलंय, आणि मग खरं बोलणं सुरू होतं. त्या दिवशी बिरूजवळ एक काळा मेंढा होता, असा की मी लांबूनच पाहून थांबलो. जवळ गेलो, त्याचं तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणालो, “दात झिजल्यात बे याचे. म्हातारं हाय.” बिरूनं वाकून स्वतः दात पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, “असंल बाबा. मग नका घेऊ.” आणि मेंढा घेऊन सरळ घराकडं चालू लागला. मी दीड कोस त्याच्यामागं चालत गेलो. शेवटी एका ओढ्यापाशी दम लागला तेव्हा ओरडलो, “आरं, घ्यायचाय मला तो!”

“म्हातारा हाय म्हनला की तुमी.”

“ते बोलायचं असतंय!”

“कावून?”

हे ‘कावून’, हे सरळ ‘का’, मला बाजारात तोवर कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडं दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. बिरूनं इतक्या वर्षांत कधी रुमालाखाली हात घातला नाही. म्हणायचा, “झाकून काय बोलायचं? तोंडानं सांग की.”

त्याच ओढ्यात, मेंढ्याचा सौदा झाल्यावर, त्यानं पायाजवळचा एक मळकट गोटा उचलला, जिभेनं चाटला आणि माझ्यापुढं धरला. धुराच्या रंगात दुधासारख्या रेघा, कांदा कापल्यावर दिसतात तशा एकात एक. “अकीक हाय,” तो म्हणाला. आम्ही बघत होतो तोवर गोटा वाळला आणि पुन्हा मळकट झाला. आमच्या या काळ्या खडकाच्या मुलखात असे दगड नांगरटीत वर येतात, विहिरी खोदताना निघतात, आणि लोक त्यांना गारगोट्या म्हणून बांधावर फेकून देतात. बिरू मेंढरामागं चालायचा तो नजर जमिनीवर ठेवून. कुठला उतार पावसानं धुऊन निघाला असेल, कुणाच्या विहिरीच्या ढिगाऱ्यात जांभळे स्फटिक मिळतील, हे त्याला कसं कळायचं ते मी पुष्कळदा विचारलं. त्याला ते सांगता येत नसे. विकायचं तर त्याच्या डोक्यातच नव्हतं.

मेंढरांना सुट्टी नसते आणि दुकानालाही नसते. पण दर वर्षी दिवाळीनंतर बिरू कळप भावाच्या हवाली करून चार दिवस काढायचा आणि मला शटर ओढायला लावायचा. माझी बायको म्हणायची, लोक देवाला जातात, हे दोघं दगडाला जातात. कधी मांजरा नदीचं कोरडं पात्र, कधी बालाघाटाच्या उतारावरच्या बंद पडलेल्या खाणी. माझी मोटारसायकल, मागं बिरू, त्याच्या मांडीवर घोंगडीत बांधलेल्या भाकरी आणि एक पितळी तांब्या. तांब्या पाणी प्यायला नव्हे, दगड ओले करून बघायला. मुक्कामाला पोचलो की मी खोलीच्या भाड्यावरून भांडायला लागायचो, आणि तोवर हा बाहेर खडीच्या ढिगावर वाकलेला असायचा. एकदा म्हणाला, “आप्पा, तू मानसं उलटीपालटी करून बघतूस, मी दगडं बघतो. कुनाला काय सापडतंय बघू.” मी त्याला शिवी दिली होती. हसलोही होतो.

मग पन्ना आलं. अंबाजोगाईच्या कॉलेजातले एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन बिरूकडचे दगड बघायला आले होते. मध्य प्रदेशात पन्ना म्हणून गाव आहे, तिथं साध्या माणसालाही सरकार जमिनीचा लहानसा तुकडा खणायला देतं आणि नशीब असेल तर हिरा निघतो, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. झालं. दुसऱ्या दिवशी बिरू दुकानात हजर. “आपल्या रानात सगळं हाय, आप्पा. हिरा तेवढा न्हाई.” त्या दिवसापासून पुढं कितीतरी वर्षं आम्ही त्या एका सुट्टीची आखणी केली. त्याच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीवर जुनं कॅलेंडर पाठ पुढं करून लावलेलं असे. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी गाड्या लिहायच्या, कुठं उतरायचं, कुठं बदलायचं, आणि त्यानं सामान सांगायचं: टिकाव, पाटी, बारीक चाळणी, तांब्या. हिरा निघालाच तर जव्हेऱ्याशी कसं बोलायचं, हे मी त्याला बसल्या जागी करून दाखवायचो. तो म्हणायचा, “मी तर आदी चाटून बघीन.” “मरशील बे. हिरा चाटू न्हाई म्हनत्यात.” “मरू दे की. बघून तर मरीन.” त्याची बायको कौसाबाई चुलीपासून ओरडायची, “दोघं बी तितंच मरा. हितं माझा चहा वाया चाललाय.”

आणि दर वर्षी मी ती सुट्टी पुढं ढकलली. मला जायचं होतं, कदाचित त्याच्याहून जास्त. पण मला हवी असलेली गोष्ट मी जन्मात कधी सरळ मागितलेली नाही. “येडा झालास का? परक्या मुलखात माती चाळायची अन् रिकाम्या हातानं माघारी यायचं. ही काय सुट्टी हाय?” असं म्हणायचो आणि वाट बघायचो की त्यानं आग्रह करावा, हाताला धरून ओढावं. तो म्हणायचा, “बरं. फुडल्या साली बघू.” आणि कॅलेंडर गुंडाळून ठेवायचा.

अशाच एका वर्षी त्यानं मला तो दगड दाखवला. कुणाच्या तरी विहिरीच्या सुरुंगात निघालेला, आवळ्यापेक्षा थोडा मोठा, पिवळसर, आणि इतका नितळ की उन्हात धरला तर आरपार उजेड दिसावा. “कानाला लाव. हालव.” मी हलवला. आत पाणी वाजलं. उन्हात धरून पाहिलं तर दगडाच्या पोटात एक बुडबुडा हळूच इकडून तिकडं सरकला. दगड घडला तेव्हाच ते पाणी आत अडकलं, माणूस नावाचं जनावर जन्माला यायच्या कितीतरी आधी, असं त्या प्राध्यापकांनी त्याला सांगितलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. इतकी हवीशी वस्तू मी आजवर हातात धरली नव्हती. आणि मी काय केलं? दगड उलटापालटा केला, नखानं एक बारीक रेघ टोकरली आणि म्हणालो, “तडा हाय बे याला. एक उन्हाळा टिकत न्हाई. आटंल.”

तो तडा नव्हता. दगडाच्या घडणीचीच रेघ होती ती, मला तेव्हाही दिसत होतं. बिरूचा चेहरा उतरला. त्यानं दगड घेतला आणि ती रेघ पाहिली, मेंढ्याचे दात पाहिले होते तशीच, बराच वेळ. “तुला द्यायचा म्हनून ठिवलता,” तो म्हणाला. “पन आटनारं कशाला देऊ तुला? बघू टिकतंय का. पन्न्याला जाऊ तवा देतो.” तिथंच बोलायला हवं होतं. मी खांदे उडवले. म्हटलं, देईल आज ना उद्या, घाई दाखवली की सौदा फिसकटतो. त्या संध्याकाळी बिरूनं तो दगड घमेल्यात पाण्यात ठेवला, सोबतीला दहा-बारा अकीक टाकले, आणि रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी त्यात तांब्याभर पाणी घालायची सवय लावून घेतली. ओले दगड चांगले दिसतात म्हणून करतो, असं मी समजत होतो.

तीन वर्षांपूर्वी मात्र मीच हट्टाला पेटलो. आमचे दोघांचेही गुडघे बोलायला लागले होते, आता नाही तर कधीच नाही. होळी झाली की निघायचं आणि पाडव्याच्या आत परत यायचं ठरलं, कारण पाडव्यापासून शेतातल्या मोटारी जळायला लागतात आणि मला दुकान सोडता येत नाही. मी तिकिटं काढली. धर्मशाळेवाल्याशी फोनवर भांडून खोली ठरवली. शटरला पाटी लावली, आयुष्यात पहिल्यांदा: दुकान आठ दिवस बंद राहील. नवा सदरा शिवला. आणि त्या सकाळी घाटनांदूरच्या स्टेशनवर गाडीच्या दीड तास आधी जाऊन बसलो. गाडी आली. बिरू आला नाही. तीनदा फोन लावला, नुसता वाजत राहिला. चौथ्यांदा लावला नाही. गाडी निघून गेली, फलाटावरची माणसं गेली, आणि मी चाळणी आणि टिकाव घेऊन बाकावर बसून राहिलो. त्याची वस्ती स्टेशनपासून फार लांब नाही. जाऊन विचारता आलं असतं. मी घरी आलो, सदरा काढला, पाटी फाडली, शटर वर केलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकावर असा ओरडलो की तो माणूस अजून दुकानात आलेला नाही.

आठ दिवसांनी बिरू आला. दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, एक लिंबाचं झाड आहे. भर दुपारी त्याखाली येऊन उभा राहिला. हातात एक ओलं फडकं होतं, त्यातून थेंब गळत होते. मी पाहिलं आणि बोल्टच्या पेटीत डोकं घातलं. सौद्यात आधी बोलतो तो हरतो. त्यानं रस्ता ओलांडावा, माफी मागावी, मग बघू. मधे एकदा त्यानं हात कानाशी नेला. मला वाटलं फोन लावतोय. मी माझ्या फोनकडं पाहिलं… तो वाजला नाही. मान वर केली तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला आणि पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा. तिन्ही वेळा ओलं फडकं, तिन्ही वेळा हात कानाशी, आणि तिन्ही वेळा तो रस्ता आमच्या मधे तसाच. आता दुपारी दुकानात कुणी नसलं की मी समोर बघायचं टाळतो. त्या लिंबाखाली सावलीला कुणी ना कुणी उभं असतंच. मान वर केली की तो बिरू असतो. मग नसतो.

मातीला मी गेलो, पार मागं उभा राहिलो आणि न बोलता परतलो. तेराव्याला गेलो तेव्हा कौसाबाई दारात बसली होती. मला पाहून म्हणाली, “आलाव का, आप्पा? लईच लवकर आलाव.”

मी ऐकून घ्यायला हवं होतं. पण माझ्या तोंडून तीन वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य बाहेर पडलं. “वैनी, त्यानं मला टेसनावर बसवून ठिवलं. का आला न्हाई, तेवढं बी सांगितलं न्हाई.” तेराव्याच्या दिवशी, त्याच्या दारात.

ती तशीच उठली. आत गेली आणि ते घमेलं दोन्ही हातांनी उचलून आणून माझ्या पायाशी ठेवलं. पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं. अकीकांच्या मधोमध तो पिवळा दगड होता.

“जायाच्या चार दिवस आदी त्यांनी हा पान्यातून काढलता,” ती म्हणाली. “पुसला, नव्या फडक्यात बांधला अन् पेटीत ठिवला. तुमाला द्यायचा म्हनून. पेटी पत्र्याची, वर छप्पर पत्र्याचं. अन् त्या साली ऊन काय कमी व्हतं? निघायच्या दिवशी सकाळी कानाला लावून हालवला, तर वाजंना. बाहीर नेऊन उन्हात धरला. आत काईच हालंना. मटकन खाली बसले बघा. तुमचा फोन वाजत व्हता. मी म्हनलं, घ्या की. तर म्हनले, काय सांगू आप्पाला? त्यानं आदीच सांगितलतं आटंल म्हनून. त्याचा दगड मी राखला न्हाई.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय. पुन्ना पान्यात टाकला. म्हनले, गेलेलं पानी येईल माघारी, दगडाला घाई नसती. रोज तांब्या घालायचे, रोज हालवून बघायचे. कदी वाटलं वाजतंय, की वल्या फडक्यात गुंडाळून तुमच्या दुकानाकडं निघायचे. तितं झाडाखाली उभं राहून आनीक एकदा हालवायचे. अन् न्हाई वाजलं की माघारी.” घमेलं माझ्याकडं सारून ती म्हणाली, “घेऊन जावा आता. मला रोज पानी घालनं व्हत न्हाई, अन् टाकवत बी न्हाई.”

मी घमेलं मांडीवर घेऊन रिक्षातून आलो, आणि सगळ्या रस्त्यानं मनात त्याच्याशी भांडत आलो. अरे, जन्म गेला तुझा बाजारात मेंढरं विकण्यात, लोक कसे बोलतात ते तुला ठाऊक नव्हतं? माझं प्रत्येक वाक्य खरं धरायला तुला कुणी सांगितलं होतं? एक ‘कावून’ तेव्हा विचारला असतास तर… पण त्यानं तो विचारला होता. पहिल्याच दिवशी, ओढ्यापाशी. नंतर विचारायचं सोडून दिलं आणि माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवायला लागला. आणि मी खोटं म्हणून बोललो ते त्या पेटीत चार दिवसांत खरं झालं. याचा राग कुणावर काढायचा ते मला खरंच कळत नाही.

घमेलं आता माझ्या गल्ल्याशेजारी असतं. कौसाबाईनं तो पितळी तांब्याही दिला. सकाळी शटर वर केलं की आधी पाणी घालतो, मग उदबत्ती. उन्हाळ्याचे दिवस, पाणी भराभर कमी होतं. उन्हानंच होत असणार, मला कळतं. तरी दुपारी मान खाली घालून बसलेलो असताना कधी वाटतं, घमेल्यात दगड दगडावर घासल्यासारखा आवाज झाला, कुणी हात घालून चाळवल्यासारखा. मी हात घालून बघत नाही. दात पाहिल्याशिवाय मी कधी जनावर घेतलं नाही, चालवून पाहिल्याशिवाय मोटार घेतली नाही, पण तो दगड आणल्यापासून मी एकदाही हलवून पाहिलेला नाही. आणि त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर मला बोलता येत नाही. ज्याची स्तुती केली ते मी विकलं, ज्याला नावं ठेवली ते घेतलं. तोंडाला या दोनच वाटा ठाऊक.

परवा एक ओळखीचा शेतकरी मोटारीचा स्टार्टर घ्यायला आला. मी आत खोकं शोधत होतो. बाहेर येऊन बघतो तर त्यानं तो पिवळा दगड पाण्यातून काढलेला, उजेडाकडं धरलेला. “मस्त हाय की हो, आप्पा. विकायचा हाय का?” असं म्हणत त्यानं तो सहज कानाकडं नेला. मी काउंटरवरून वाकून त्याचं मनगट घट्ट धरलं. इतकं जोरात की तो दचकला.

“आरं बाबा, एवढं काय हाय यात?”

“पानी हाय,” मी म्हणालो. त्याच्या बोटांतून तो दगड अलगद काढून घेतला, हलू न देता घमेल्यात ठेवला, आणि वरून तांब्याभर पाणी घातलं.